बंद नदी, उघडी शाळा

लेखाचा विषय मासे धरण्याचा आहे असें आरंभींच सांगितल्यास वाचकांपैकीं निम्मे लोक पान उलटतील, हें मी जाणून आहें. आमच्या घरांत तीन पिढ्यांत कोणी माशास हात लावलेला नाहीं. गोमंतकांतील आणि कारवाराकडील आमचे सारस्वत बंधु हसून म्हणतील कीं, त्यांत तोटा तुमचाच झाला. तो वाद बाजूस ठेवूं. ज्या इंग्रज गृहस्थाची हकीकत मी सांगणार आहें, त्यानेंहि पन्नास वर्षांत नदींतला एकहि मासा घरीं नेऊन शिजविला नव्हता. त्याच्या वर्गाचे मासेमार मासा धरतात, तोलतात, त्याचें कौतुक करितात आणि परत पाण्यांत सोडून देतात. या सर्व प्रकारांत माशास काय वाटत असेल, हा प्रश्न मीं तेथें अनेकांस विचारला. मिळालेल्या उत्तरांनीं माझें समाधान झालें नाहीं, हेंहि आतांच सांगून टाकतों. ही करमणूक मला निर्दोष वाटत नाहीं. तथापि तिच्याभोंवतीं त्या लोकांनीं एक नियम घालून घेतला आहे, आणि त्या नियमामुळें साठी उलटलेल्या एका कसलेल्या माणसास पुन्हां धुळाक्षरें गिरवावीं लागलीं. जन्मभर शाळेंत घालविलेल्या मला ती गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

नियम असा आहे. इंग्लंडांतील नद्यांवर दरवर्षीं १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, दोन्ही दिवस धरून, 'कोर्स' जातीचे मासे गळानें धरण्यास कायद्याची बंदी असते. १६ जूनचा दिवस लागला कीं बंदी उठते, आणि हौशी लोक आदल्या रात्रींच सामानसुमान घेऊन कांठावर येऊन बसतात. 'कोर्स' म्हणजे जाडाभरडा. माशांतहि या लोकांनीं वर्णव्यवस्था केली आहे! सामन आणि ट्राउट हे कुलीन. रोच, ब्रीम, चब, टेंच, पाइक, बार्बेल हे बाकीचे सारे जाडेभरडे. ही विभागणी माशांच्या गुणांवरून झाली त्यापेक्षां ते धरणाऱ्यांच्या ऐपतीवरून अधिक झाली असावी, असें मला वाटतें. ट्राउटचे स्वच्छ प्रवाह बहुधा जमीनदारांच्या ताब्यांत. शहरालगतच्या संथ नद्या आणि कालवे गिरणी-कारखान्यांतील कामकऱ्यांच्या वांट्याचे. कुलिनांस धरावयाचें तें कृत्रिम माशीनें, आणि जाड्याभरड्यांस अळ्या, गांडुळें, पावाचे गोळे यांनीं, असा संकेतहि त्याबरोबरच पडून गेला.

बंदीचा कायदा मात्र जमीनदारांनीं आणला नाहीं. शेफील्ड हें सुऱ्या-कात्र्यांचें आणि पोलादाचें शहर. तेथले कामकरी रविवारीं आगगाडीनें दूरच्या नद्यांवर मासे धरावयास जात. मासे अंड्यावर असतांनाच त्यांचा संहार होतो आणि नद्या ओस पडत चालल्या आहेत, हें त्यांच्या मंडळ्यांच्या ध्यानांत आलें, व त्यांच्या आग्रहावरून शेफील्डचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि अँथनी जॉन मुंडेला यांनीं १८७८ सालीं गोड्या पाण्यांतील माशांविषयींचा कायदा करविला. हे मुंडेला एका इटालियन निर्वासिताचे चिरंजीव. मोज्यांच्या धंद्यांत वर आलेले. पुढें दोनच वर्षांनीं, १८८० सालीं, इंग्लंडांत पांच ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत जाणें सक्तीचें करणारा कायदा झाला, तोहि त्यांचाच. एकाच गृहस्थानें नदी तीन महिने बंद करावी आणि शाळेचें दार कायमचें उघडावें, हा योगायोग पाहून मला कौतुक वाटलें. पहिल्या कायद्यानें मोठ्या माणसांस दुसऱ्या शाळेंत कसें नेऊन बसविलें, तें आतां पाहावयाचेंच आहे.

मासे मारण्यास काळवेळेचें बंधन घालणें ही कल्पना आपणांस नवी नाहीं. अशोकाचा पांचवा स्तंभलेख अभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरलेला आहे. चातुर्मास्यांच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर मासा मारूं नये व विकूंहि नये, अशी त्यांत स्पष्ट आज्ञा आहे. त्याच दिवशीं हत्तींचीं वनें आणि कैवर्तांचे, म्हणजे कोळ्यांचे, राखीव जलाशय यांतील इतर प्राण्यांसहि अभय दिलें आहे. उलट, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वरानें 'मानसोल्लास' रचला, त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' या नांवाचें प्रकरणच आहे. कोणत्या माशास कोणतें खाद्य घालून माणसाळवावें आणि मग काठी-दोरीनें कसें धरावें, हें तो राजा अगदीं बारकाईनें सांगतो. म्हणजे संयम आणि विनोद हीं दोन्ही आपल्या वाङ्मयांत आहेत. अशोकाची बंदी तिथींवर चाले. इंग्रजी कायद्यानें माशांचा ऋतुकाल धरण्याचा यत्न केला, एवढाच फरक. तो यत्न कितपत साधला, हें पुढें येईलच.

माझा मुलगा डर्बी शहरीं नोकरीस आहे. एका वर्षीं चैत्रापासून आषाढापर्यंत मी त्याच्या घरीं होतों. शेजारीं एक गृहस्थ राहात. वय त्रेसष्ट, रेल्वेच्या कारखान्यांत विजेचें काम करून नुकतेच निवृत्त झालेले. ट्रेंट नदीवर वयाच्या दहाव्या वर्षापासून त्यांचा गळ पडत आला होता, आणि त्यांच्या बैठकींत मंडळाच्या सामन्यांत मिळविलेले चषक ओळीनें मांडलेले होते. मी गेलों तेव्हां बंदी नुकतीच सुरू झाली होती आणि स्वारी फार चिडलेली होती. नोकरी होती तोंवर हे तीन महिने कसेबसे निघून जात. आतां सकाळ सरेना. "१५ मार्च ही तारीख कोणत्या माशास विचारून ठरविली?" असें ते कुंपणावरून मला विचारीत, जणूं कायदा मींच केला होता. त्यांच्या पत्नीनेंच अखेर तोडगा काढला. ट्राउट हिंवाळ्यांत अंडीं घालतो; म्हणून त्याची बंदी हिंवाळ्यांत असते, आणि जाड्याभरड्यांचें दार लागतें त्याच सुमारास त्याचें दार उघडतें. तिनें माशीनें मासे धरावयास शिकविणाऱ्या एका वर्गाची फी भरून पावती यांच्या हातांत ठेविली.

शिकविणारी पंचविशींतली एक मुलगी होती. हे गृहस्थ तिला आपले चषक दाखविण्याच्या तयारीनें गेले, आणि पहिल्याच दिवशीं तिनें त्यांस पाण्याजवळहि जाऊं दिलें नाहीं. क्रिकेटच्या मैदानावर नेलें, दोरीच्या टोकावरचा गळ काढून टाकला, आणि तेथें तांबड्या लोंकरीचा धागा बांधला. सलग तीन शनिवार हे लोंकरीनें गवतांतले मासे धरीत होते. मीहि काठी टेकीत पाहावयास जाई. मला त्या मुलीची रीत पाहावयाची होती.

अडचण कोठें होती तें समजण्यास दोन्ही विद्यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. जुन्या पद्धतींत दोरी केसासारखी बारीक असते. तिच्या टोकास वजनाच्या गोळ्या, तरंगतें बूच आणि आमिष असतें. फेंकलें जातें तें हें वजन, आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. आपण आंब्याच्या उंच फांदीवरून दोर टाकावयाचा झाल्यास टोकाला दगड बांधतों, तशांतला प्रकार. परंतु कृत्रिम माशी म्हणजे पिसें-केसांचा, फुंकरीनें उडणारा कण. तिला कितीहि जोरानें फेंका, ती हातभर सुद्धां जाणार नाहीं. म्हणून येथें वजन दोरीच्याच अंगीं असतें. दोरी जाड, शेवटाकडे निमुळती होत गेलेली, आणि तिच्यापुढें बारीक तंगूस. नऊ फुटांच्या लवचीक काठीनें ही दोरी आधीं मागें उडवावयाची, ती हवेंत मागें पुरती सरळ होईपर्यंत थांबावयाचें, आणि मग पुढें न्यावयाची. पुढची फेंक किती साधेल तें मागच्या फेंकीवर ठरतें, आणि मागची फेंक तर डोळ्यांस दिसत नाहीं. चाबूक उडविणाऱ्या आपल्या गाडीवानास हें चटकन् कळेल. त्या थांबण्यांत कसूर झाली तर चाबकासारखाच आवाज होतो आणि पुढची माशी तुटून जाते.

आमच्या शेजाऱ्यांचा हात पन्नास वर्षें पुढें ढकलावयास शिकलेला. मागें थांबणें त्यास ठाऊकच नव्हतें. फटाफट आवाज निघत, दोरी गळ्यांत पडे, आणि ते अधिक जोर लावीत. जितका जोर अधिक तितकें काम वाईट. त्याच वर्गांत एक बारा वर्षांचा मुलगा होता, त्याला तीच गोष्ट एका दुपारींत आली. कारण त्यास विसरावयाचें कांहींच नव्हतें. हें पाहून मला आमच्या पाठशाळेंतील एक अनुभव आठवला. ज्यानें घरीं चुकीच्या आघातानें मंत्र पाठ केलेले असत, त्यापेक्षां ज्यास एकहि येत नसे तो विद्यार्थी गुरुजींस अधिक आवडे. कोरी पाटी पुसावी लागत नाहीं.

मुलीनें त्यांस रागें भरलें नाहीं, कीं त्यांच्या वयाचा मुलाहिजाहि राखला नाहीं. घड्याळाची तबकडी आपल्या खांद्यामागें उभी आहे असें समजा, ती म्हणाली; काठी एकाच्या आंकड्यावर थांबली पाहिजे, आणि पुढें दहाच्या. ते थांबत नव्हतेच; मनगट मोडून काठी तीनपर्यंत खालीं जाई. तेव्हां तिनें काखेंत एक पुस्तक दाबून धरावयास सांगितलें. कोंपर अंगापासून सुटलें कीं पुस्तक पडेल. त्या संध्याकाळीं गृहस्थ आमच्याकडे जाडसें पुस्तक मागावयास आले. माझ्याजवळ आपट्यांचा संस्कृत कोश होता, पण तो गवतांत पडण्यासाठीं देण्याइतकें माझें मन मोठें नाहीं. नातवाचें गणिताचें पुस्तक दिलें. दुसरा आठवडाभर त्यांच्या परसांतून तें पडल्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरांत ऐकूं येई, आणि सूनबाई मोजीत असत. एके दिवशीं आवाज आला नाहीं.

वडील माणसानें धाकट्याकडून ही विद्या घ्यावी, याला त्या देशांत मोठा दाखला आहे. आयझॅक वॉल्टन याचा मासे धरण्यावरील ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां तो साठीस टेकला होता. हा लंडनांतील व्यापारी, वृत्तीनें भाविक, आणि मासे धरण्यांत मुख्यतः आमिषवाला. माशीची कला आपणांस पुरती अवगत नाहीं हें तो जाणून होता. म्हणून १६७६ च्या पांचव्या आवृत्तींत, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, त्यानें तो भाग आपला तरुण मित्र चार्ल्स कॉटन याच्याकडून लिहवून घेऊन आपल्या ग्रंथास जोडला. कॉटन त्याच्याहून सदतीस वर्षांनीं लहान. डर्बीच्या वायव्येस, डव्ह नदीच्या कांठीं कॉटननें १६७४ सालीं बांधलेलें लहानसें दगडी घर अद्याप उभें आहे. दोघां मित्रांचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून त्यावर कोरलेलीं आहेत, आणि वर लॅटिनमध्यें 'मासेमारांस पवित्र' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपला ग्रंथ जगभर वाचला जात असतां त्यांतील एक उणीव दुसऱ्याच्या हातानें भरून घेणारे ग्रंथकार आपल्याकडे तरी किती निघतील?

मैदानावरून पाण्याशीं जाण्यास वैशाख लागला. तेथें दुसरी शाळा सुरू झाली. जुना मासेमार एका जागीं बैठक मारतो, पाण्यांत खाद्य टाकतो आणि माशांस आपल्याकडे बोलावतो. आमच्या सोमेश्वर राजाचीहि तीच तऱ्हा. माशीवाल्यास माशाकडे जावें लागतें. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या पाठीमागून, प्रवाहाच्या उलट दिशेनें, पाऊल न वाजवितां चढत जावयाचें. बोलण्यास मात्र हरकत नसते. आल्फ्रेड रोनल्ड्स यानें १८३६ सालीं माशीमारांसाठीं कीटकांवर ग्रंथ लिहिला. त्यानें स्टॅफर्डशर परगण्यांतील ब्लाइद नदीवर खोपट बांधून ट्राउटांचें निरीक्षण केलें होतें, आणि त्यांस ऐकूं येतें काय हें पाहण्यासाठीं बंदुकीचे बार सुद्धां काढून पाहिले. मासे ढळले नाहींत.

मुलीनें शेजाऱ्यांस नदींतला एक धोंडा उलटावयास लावला. त्याच्या खालच्या अंगाला सहा पायांचे चिमुकले जीव चिकटलेले होते, कांहींनीं वाळूच्या कणांचीं घरें अंगाभोंवतीं बांधलेलीं. पन्नास वर्षें नदीवर काढलेल्या या माणसानें दुकानांतून अळ्या विकत घेतल्या होत्या. मासा एरवीं काय खातो हें पाहण्यास धोंडा कधीं उलटला नव्हता. त्या दिवसापासून त्यांचा नूर बदलला. घरीं पांढऱ्या बशींत ते किडे ठेवून भिंग लावून बसूं लागले. तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे केस आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर पाण्याखालच्या किड्याची हुबेहूब नक्कल करण्याची युक्ति फ्रँक सॉयर नांवाच्या एका नदीरक्षकानें काढली व आपल्या १९५८ च्या पुस्तकांत सांगितली आहे. विजेचें काम केलेल्या माणसाच्या घरीं तांब्याच्या तारेस काय तोटा! मासा फसविण्याची ही हिकमत फार जुनी आहे, हें येथेंच सांगून ठेवतों: ईलियन नांवाचा रोमन ग्रंथकार सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं लिहून गेला आहे कीं, मॅसिडोनियांतील लोक गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळून त्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात.

माशी पाण्यावर तरंगती असावी कीं बुडती, यावरूनहि या लोकांत वाद आहेत, आणि ते आपल्या शास्त्र्यांच्या वादांहून कमी कडवे नाहींत. हॅल्फर्ड यानें १८८९ सालीं तरंगत्या माशीचें शास्त्र मांडलें. त्याच्या अनुयायांनीं तेंच एकमेव धर्म्य मानलें. स्क्यूज नांवाच्या वकिलानें १९१० सालीं बुडत्या माशीची बाजू घेतली, आणि १९३८ सालीं, तो ऐंशीस टेकला असतांना, लंडनच्या क्लबांत या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. आमच्या शेजाऱ्यांनीं दोन्ही पक्षांच्या माश्या एकाच डबींत ठेविल्या होत्या.

मे महिन्याच्या उत्तरार्धांत त्यांस पहिला ट्राउट मिळाला. त्या दिवसांत 'मेफ्लाय' नांवाचा किडा नदींतून वर येतो. चिखलांत दोन वर्षें काढावयाचीं, आणि पंख फुटल्यावर एखाद-दुसरा दिवस जगावयाचें; त्या अवस्थेंत त्यास खाण्यासाठीं तोंडहि नसतें. या कुळाचें शास्त्रीय नांव 'एका दिवसाचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें आहे. एकाह यज्ञच म्हणावयाचा. हे किडे पाण्यावर पडूं लागले म्हणजे ट्राउट सावधपणा विसरतात, आणि नवशिक्यांसहि मासा मिळतो; म्हणून त्या काळास तेथें 'ढ लोकांचा पंधरवडा' असें म्हणतात. शेजाऱ्यांनीं तो शब्द स्वतःच मला सांगितला आणि मोठ्यानें हसले. चषकवाल्या माणसाच्या तोंडून तें ऐकणें मला आवडलें. मासा वीतभर होता. त्याआधीं तिघे निसटले होते, कारण जुन्या सवयीनें त्यांनीं हिसका जोरानें दिला आणि बारीक तंगूस तुटलें.

पण ज्यासाठीं मी हा लेख लिहावयास घेतला तो दिवस याच्यानंतर आठवड्यानें आला. डव्हच्या खालच्या अंगास, जेथें ट्राउटहि आहेत आणि बार्बेलहि, आम्ही गेलों होतों. मी कांठावर बसलों होतों. शेजारी उथळ गोट्यांतून पलीकडे जावयास निघाले, तोंच मुलीनें त्यांची बाही धरली आणि बोट दाखविलें. गुडघाभर पाण्यांत, ऊन थेट तळापर्यंत पोंचलें होतें तेथें, हातभर लांबीचे पांच-सात मासे एकमेकांच्या अंगास अंग लावून थरथरत होते. मधली मादी पिवळसर पोट गोट्यांवर घांसून पुढें सरके, दोन्ही बाजूंनीं नर तिला भिडत. पाण्यावर फेंस येई, खडे उडत, आणि सर्व पुन्हां शांत होई. मग पुन्हां तेंच. तेथें पाऊल पडलें असतें तर खड्यांच्या फटींत नुकतींच घातलेलीं अंडीं टांचेखालीं चिरडलीं असतीं.

बार्बेल हा त्यांचा आवडता मासा. बैठकींतील बहुतेक चषक त्याच्याच नांवाचे. आपल्याकडील खडशी म्हणजे दख्खनचा महशीर याचाच चुलत भाऊबंद. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील या माशाचें वर्णन प्रसिद्ध करतांना त्याचें देशी नांवच शास्त्रांत घातलें, तें आजहि 'टॉर खुद्री' असें चालतें. तर या बार्बेलाची विहरण्याची, खाण्याची, झगडण्याची प्रत्येक खोड ज्यांस तोंडपाठ, त्या गृहस्थांनीं तो अंडीं घालतांना पन्नास वर्षांत एकदांहि पाहिला नव्हता. पाहणार कसा? ज्या आठवड्यांत हें घडतें त्या आठवड्यांत कायद्यानें त्यांस नदीवरून घरीं पाठविलेलें असे, आणि काठीवांचून नदीवर जावें असें त्यांच्या कधीं मनांत आलें नाहीं. ते पाण्यांतून मागें फिरले आणि माझ्या शेजारीं गवतावर बसले. तासभर आम्हीं पाहिलें. त्या दिवशीं त्यांनीं पुन्हां काठी उचलली नाहीं. परत येतांना मोटारींत ते एवढेंच बोलले कीं, आपण हें पाहावयास फार उशीर केला.

यावरून ते बंदीचे भक्त झाले, असें वाचकांनीं समजूं नये. माणसें इतकीं सरळ नसतात. १८७८ सालची तारीख सर्व माशांस सारखी लागूं पडत नाहीं, हा त्यांचा मूळ आक्षेप खराच आहे. पाइक आणि डेस बंदी लागण्यापूर्वीं किंवा लागतांच अंडीं घालूं लागतात; टेंच, चब आणि कधीं कधीं बार्बेलहि १६ जून उलटल्यावर घालतात. शिवाय कायद्यांतहि आतां एकसूत्रीपणा उरलेला नाहीं. १९९५ सालीं बहुतेक तळ्यांवरील बंदी उठविली, २००० सालीं बहुतेक कालव्यांवरील. नद्यांवरची तेवढी राहिली. ती ठेवावी कीं काढावी याविषयीं तेथील पर्यावरण खात्यानें २०१९ सालीं लोकांचीं मतें मागविलीं, आणि विचारांतीं आहे तशीच ठेविली. काढा म्हणणारांतहि सगळे स्वार्थी नाहींत. कांठावर प्रामाणिक मासेमार नसले म्हणजे चोरटे फावतात, हें त्यांचें म्हणणें टाकण्यासारखें नाहीं. गळाचें सामान विकणारांचे तीन महिने कोरडे जातात हेंहि आहे. पूर्वीं आमचे शेजारी यांच्यांतलेच होते. आतां ते म्हणूं लागले कीं, बंदी मार्चांत हवी तर उशिरां लावा, पण जून अखेरपर्यंत तरी वाढवा. मंडळाच्या बैठकींत त्यांनीं हें मांडलें तेव्हां जुन्या मित्रांपैकीं कोणी अनुमोदनास उठलें नाहीं, आणि एकानें 'माशीवाल्यांनीं याला फितविलें' असें म्हटलें. तें त्यांच्या मनास लागलें होतें. कुंपणाशीं मला तीनदां सांगितलें.

मला विचाराल तर तारखेचा घोळ हा बंदी मोडण्याचा आधार होऊं शकत नाहीं. आपल्या पंचांगांतहि तिथींचे वाद आहेत, म्हणून कोणी एकादशी सोडली नाहीं. शेफील्डच्या कामकऱ्यांनीं आपण होऊन आपल्या एकुलत्या एका करमणुकीचे तीन महिने सोडून दिले. हा कोणा राजाचा स्तंभलेख नव्हता. अशा रीतीनें स्वतः घालून घेतलेलें बंधन एकदां सुटलें तर तें पुन्हां बांधवून घेण्यास मुंडेला कोठून आणावयाचा? आपल्याकडे कायद्याच्या आधींपासून देवस्थानांनीं हें काम केलें आहे. रायगड जिल्ह्यांत वाळणकोंडीच्या डोहांतील महशीर माशांस देवी वरदायिनीच्या नांवानें अभय आहे. तेथें बंदी तीन महिन्यांची नसून बारमाही आहे, आणि पहाऱ्यास शिपाई लागत नाहीं. लोणावळ्यास वळवणच्या तलावाशीं टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकापासून महशीराचीं पिलें वाढविण्याचें काम चालविलें आहे. हें मीं शेजाऱ्यांस सांगितलें, तेव्हां त्यांनीं एका चिठोऱ्यावर लोणावळ्याचें नांव माझ्याकडून लिहून घेतलें.

१६ जूनच्या मध्यरात्रीं ते ट्रेंटवर गेले. जुनी काठी, वजनें, बूच, अळ्या, सगळा सरंजाम घेऊन. पहांटे परत आले तेव्हां खुष होते, पण धरलेल्या माशांपेक्षां धोंड्याखालच्या किड्यांविषयींच अधिक बोलले. पुढें मी निघण्यापूर्वीं, आषाढाच्या आरंभीं, त्यांनीं ट्रेंटवरच माशीनें एक भलामोठा चब धरला. चब माशी घेतो, पण माशी कुलिनांची आणि चब जाडाभरडा. त्यामुळें कांठावर बसलेल्या मित्रांत आधीं हंशा झाला. मग त्यांतल्याच दोघांनीं, त्यांत तो फितुरीचा आरोप करणाराहि होता, ही विद्या आम्हांस दाखवाल काय, असें हळूच विचारलें. आतां दर शनिवारीं क्रिकेटच्या मैदानावर तिघे म्हातारे तांबडी लोंकर बांधून उभे असतात, आणि नातवाचें गणिताचें पुस्तक तिघांच्या काखेंतून आळीपाळीनें फिरत आहे, असें सूनबाई परवां फोनवर सांगत होत्या. तें परत मागावयाचा धीर घरांत कोणास होत नाहीं.